सुरतेतील मौखिक इतिहासाचे ध्वनिमुद्रण : बिनतारी माइकची जोडणी आणि वीजपुरवठा

प्रस्तावना

मौखिक इतिहास ही इतिहासलेखनाची एक मान्य पद्धती झाली आहे. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र, उर्दू, मराठी आणि जनसंज्ञापन या विभागांचे विद्यार्थी वृद्ध व्यक्तींच्या मुलाखती घेतात व त्यावर प्रकल्प सादर करतात. मुलाखतीचे प्रश्न कसे तयार करावेत, यावर वर्गात भरपूर चर्चा होते. परंतु तो आवाज नीट मुद्रित कसा व्हावा, याचा विचार बहुधा मुलाखतीच्या दिवशी दारात उभे राहून केला जातो. परिणामी लिखित प्रतीत वाक्ये उरतात आणि बोलणाऱ्याचा स्वर, उच्चार, थांबणे, हुंदका हे सर्व खरखरीत बुडून जाते. भाषेच्या अभ्यासकाला तर नेमके हेच हवे असते.

सुरत शहराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तातडीचा आहे. तापीच्या पलीकडील रांदेर येथील अनेक मुस्लिम व्यापारी घराण्यांचा रंगूनशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध होता. १९४२ मध्ये जपानी आक्रमणामुळे आणि पुढे १९६२ च्या लष्करी सत्तांतरानंतर झालेल्या राष्ट्रीयीकरणामुळे यांपैकी बरेच लोक परतले. १९६४ साली जे वीस वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. दुसरीकडे लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून यंत्रमागावर काम करण्यासाठी आलेली मराठी व अहिराणी बोलणारी हजारो कुटुंबे आहेत. उधना–जळगाव लोहमार्गाने त्यांना गाव आणि शहर असे दोन्ही जवळ ठेवले. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीबरोबरच मराठी, उर्दू, हिंदी, उडिया, तेलुगू अशा माध्यमांतून चालतात, यावरूनच या शहराच्या भाषिक रचनेची कल्पना येते. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा पुरात सर्वांत आधी भिजतात ते कपाटातील कागद, वहीखाते आणि छायाचित्रे. जेथे कागद गेला तेथे आठवण हेच साधन उरते. आणि ती आठवण सांगणारा माणूस दुसऱ्यांदा भेटेलच याची शाश्वती नसते.

म्हणून प्रस्तुत लेखात प्रत्यक्ष स्थळी जाऊन मुद्रण करताना वापरल्या जाणाऱ्या बिनतारी माइकची रचना, त्याच्या तारांची जोडणी आणि त्याला लागणारी वीज यांचे विवेचन केले आहे. विद्युत अभियांत्रिकीचे पूर्वज्ञान नसलेल्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडावे, एवढाच हेतू आहे.

१. बिनतारी माइक कशासाठी?

ध्वनीचा एक साधा नियम आहे. उघड्या जागी बोलणाऱ्याच्या तोंडापासून माइकचे अंतर निम्मे केले की माइकपर्यंत पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. भोवतालचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. नेहमीच्या बोलण्याची पातळी एक मीटर अंतरावर सुमारे ६० डेसिबल असते. तोच माइक छातीवर, तोंडापासून २० सेंटिमीटरवर लावला तर ती सुमारे ७४ डेसिबल होते. गल्लीतील रहदारीचा गोंगाट ७० डेसिबल आहे असे धरले, तर टेबलावर ठेवलेल्या यंत्रात बोलणे गोंगाटाखाली १० डेसिबलने दबलेले राहील आणि छातीवरच्या माइकमध्ये ते ४ डेसिबलने वर येईल. महागडे यंत्र दूर ठेवण्यापेक्षा साधा माइक जवळ आणणे अधिक फलदायी ठरते, ते या कारणाने.

याच हिशेबाने बिनतारी माइकची मर्यादाही कळते. यंत्रमागाच्या शेडमध्ये, ज्याला सुरतेत ‘खाते’ म्हणतात, आवाजाची पातळी सामान्यतः ९० डेसिबलच्या पुढे असते. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला जी कमाल मर्यादा मानली जाते तीही ९० डेसिबलच आहे. अशा ठिकाणी छातीवरच्या माइकमधील ७४ डेसिबलचे बोलणे टिकणार नाही. कामगार जोरात बोलला आणि माइक कानावरून गालाशी येणाऱ्या काडीवर, तोंडापासून पाचेक सेंटिमीटरवर असला, तर ९५ डेसिबलच्या आसपास पातळी मिळते आणि बोलणे कसेबसे ऐकू येते. अधिक योग्य मार्ग असा, की मुलाखत खात्याबाहेर किंवा पाळी संपल्यावर घ्यावी आणि साचे चालू असतानाचा आवाज वेगळा दोन-तीन मिनिटे मुद्रित करून ठेवावा. तोही एक दस्तऐवजच आहे.

तार असलेला माइक स्वस्त आणि भरवशाचा असतो. एका खोलीत, एका खुर्चीवर बसून मुलाखत होणार असेल तर तारेचाच माइक वापरावा. परंतु वृद्ध व्यक्ती आपले घर दाखवते, माडीवर नेते, कारागीर यंत्राभोवती फिरून काम समजावतो, तेव्हा तार पायात येते. शिवाय मोटारी आणि तीन फेजच्या वायरिंगजवळून लांब तार नेली की त्यात ५० हर्ट्‌झची घरघर शिरण्याची शक्यता वाढते. अशा ठिकाणी बिनतारी संच उपयुक्त ठरतो.

२. थोडी पार्श्वभूमी

स्थळावर जाऊन ध्वनिमुद्रण करण्याची कला विजेपेक्षा जुनी आहे. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले तेव्हा कर्णा आणि मेणाची तबकडी एवढ्यावर काम भागले. पुढे विद्युत मुद्रण आले आणि आवाज सुधारला. पण बरोबर वीज बाळगण्याची जबाबदारीही आली. १९३३ मध्ये अमेरिकेत जॉन आणि ॲलन लोमॅक्स या पितापुत्रांनी लोकगीते जमवण्यासाठी मोटारीत ३०० पौंडांच्या वर वजनाचे यंत्र बॅटऱ्यांसह वाहून नेले होते. १९५० च्या दशकात स्टेफान कुडेल्स्की यांच्या नाग्रा यंत्रांनी हे ओझे खांद्यावर लटकवण्याइतके हलके केले. नाग्रा-३ हे यंत्र बारा मोठ्या टॉर्च-सेलांवर चालत असे.

बिनतारी माइकही त्याच दशकात बाजारात आले. १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’ या चित्रपटात रेक्स हॅरिसन यांनी गाणी प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळीच म्हटली, ती टायमध्ये दडवलेल्या बिनतारी माइकमुळे. हिंदी चित्रपटांत दीर्घकाळ संवाद नंतर स्टुडिओत भरण्याची पद्धत होती. भुजजवळ चित्रित झालेल्या ‘लगान’ने २००१ मध्ये स्थळावरच संवाद मुद्रित करण्याची रीत पुन्हा चर्चेत आणली आणि त्या कामासाठी नकुल कामटे यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपटात संवाद बिघडला तर तो नंतर पुन्हा म्हणता येतो. मौखिक इतिहासात ही सोय नाही. म्हणून विद्यार्थ्याच्या छोट्या संचाला चित्रपटाच्या संचाइतकीच, किंबहुना जास्त, काळजी लागते.

३. साखळीतील चार कड्या

बिनतारी मुद्रणात चार घटक असतात : कपड्याला लावायचा छोटा माइक, कमरेचा ट्रान्समीटर, रिसीव्हर आणि मुद्रणयंत्र (रेकॉर्डर, कॅमेरा किंवा मोबाइल). यातील प्रत्येक दोन कड्यांमधला सांधा तारेचा किंवा लहरींचा असतो आणि प्रत्येक घटकाला वीज लागते. मुद्रण बिघडले तर दोष बहुधा या सांध्यांत किंवा विजेत सापडतो. माइक स्वतः क्वचितच दोषी असतो.

छोट्या माइकच्या बोंडात स्वतःची बॅटरी नसते. त्याला दोन ते पाच व्होल्टचा अल्प दाब ट्रान्समीटरकडून त्याच तारेतून मिळतो. मोठ्या माइकना मुद्रणयंत्र जो ४८ व्होल्टचा ‘फँटम’ दाब देते, तो वेगळा. हे दोन दाब एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कपड्याचा माइक नुसता जॅक बदलून ४८ व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातला तर तो निकामी होऊ शकतो; त्यासाठी दाब उतरवणारा ॲडॅप्टर लागतो. तसेच रिसीव्हरची तार यंत्राला जोडताना त्या सॉकेटचा फँटम दाब बंद आहे ना, हे आधी पाहावे. रिसीव्हरला त्याची गरज नसते आणि काही रिसीव्हरांना तो बाधतो.

४. तारांची जोडणी

व्यावसायिक यंत्रांत तीन पिनांचा एक्सएलआर जोड असतो. त्याची मांडणी जगभर एकच आहे : पहिली पिन जमिनीची म्हणजे तारेवरील जाळीची, दुसरी मूळ संकेताची आणि तिसरी त्याच संकेताच्या उलट्या रूपाची. यंत्र दुसऱ्या व तिसऱ्या पिनेतील फरक घेते. वाटेत शिरलेली घरघर दोन्ही तारांत सारखीच असते, त्यामुळे वजाबाकीत ती नाहीशी होते. उलट संकेत मात्र दुप्पट होतो. या पद्धतीला संतुलित जोडणी म्हणतात.

लहान संचांत ३.५ मिलिमीटरचा जॅक असतो. त्याला टोक, कडे आणि बूड असे तीन भाग असतात. सर्वाधिक फसगत येथेच होते, कारण जॅक दिसायला सारखा असला तरी आतील वाटणी सारखी नसते. तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत.

पहिला प्रकार असंतुलित : टोकावर आवाज, बुडावर जमीन. तो एक्सएलआरला जोडताना टोक दुसऱ्या पिनेला आणि बूड पहिल्या व तिसऱ्या अशा दोन्ही पिनांना जोडतात.

दुसरा प्रकार संतुलित : टोक दुसऱ्या पिनेला, कडे तिसऱ्या पिनेला आणि बूड पहिलीला.

तिसरा प्रकार दुहेरी : टोक आणि कडे या दोहोंवर तोच आवाज, म्हणजे कॅमेऱ्याच्या डाव्या व उजव्या बाजूंसाठी. हा जॅक दुसऱ्या प्रकारच्या तारेने एक्सएलआरला जोडला तर काय होईल? यंत्र दोन सारख्या संकेतांची वजाबाकी करील आणि उत्तर शून्याजवळ येईल. रिसीव्हरवरचा काटा हलतो, माइक ठीक असतो, तरी मुद्रणयंत्रात आवाज जवळजवळ नसतो किंवा बादलीतून आल्यासारखा पोकळ येतो. माइक बदलून उपयोग होत नाही. तार बदलावी लागते.

मोबाइलचा जॅक याहून वेगळा आहे. त्याला चार भाग असतात आणि माइकची जागा सर्वांत खालच्या बुडावर असते. कॅमेऱ्यासाठीची तीन भागांची तार त्यात घातली तर मोबाइल बाहेरचा माइक ओळखत नाही आणि स्वतःच्याच माइकने मुद्रण करीत राहतो. पडद्यावर पट्टी हलत असल्याने मुलाखत संपेपर्यंत हे लक्षातही येत नाही. तपासण्याची रीत सोपी आहे : माइकच्या बोंडावर नखाने हलकेच खाजवावे आणि नंतर मोबाइलवर. ज्याचा आवाज मोठा, तोच माइक चालू आहे.

ट्रान्समीटरकडील जोडणीतही प्रत्येक उत्पादकाची वाटणी निराळी असते. एका संचाचा माइक दुसऱ्या संचाच्या ट्रान्समीटरला बसला, एवढ्यावरून तो चालेलच असे समजू नये. विभागात दोन-तीन संच असतील तर प्रत्येक संचाचे माइक, तारा व खोके यांना एकाच रंगाची चिकटपट्टी लावावी. तारा गुंडाळताना कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये ताणून गुंडाळू नयेत. माइकची तार केसासारखी बारीक असते आणि ती जॅकच्या तोंडाशीच तुटते. तिथे तारेचा छोटासा वेढा करून चिकटपट्टी लावली की ताण सांध्यावर येत नाही.

५. सेल आणि बॅटऱ्या

पेन्सिल सेल म्हणून बाजारात तीन वस्तू मिळतात आणि तिन्ही दिसायला सारख्याच असतात. कार्बन-झिंकचे स्वस्त सेल घड्याळ किंवा रिमोटसाठी ठीक. सतत जास्त प्रवाह लागणाऱ्या ट्रान्समीटरमध्ये ते फार लवकर बसतात. पानाच्या किंवा किराण्याच्या दुकानात बहुधा हेच मिळतात. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टपासून सुरू होऊन हळूहळू उतरतात, त्यामुळे ट्रान्समीटरवरील बॅटरीचे चिन्ह बऱ्यापैकी खरे सांगते. पुन्हा भारित होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असतात. त्यांचा दाब बराच काळ जवळजवळ स्थिर राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. ज्या संचात सेलाचा प्रकार निवडण्याची सोय आहे तेथे तो बरोबर निवडावा. नाहीतर चिन्ह अर्धे दाखवत असतानाच संच बंद पडतो.

हिशेब कसा करायचा ते एका उदाहरणाने पाहू. ट्रान्समीटरला १८० मिलिॲम्पिअर प्रवाह लागतो आणि सेलांची क्षमता २००० मिलिॲम्पिअर-तास आहे. भागाकार केल्यास सुमारे ११ तास येतात. परंतु सेल जुने होतात, उन्हात तापतात. म्हणून ७० टक्केच क्षमता धरावी. म्हणजे सुमारे साडेसात तास. दुपारच्या जेवणाला सेल बदलायचे, हा नियम पाळला तर या हिशेबात कधी चूक पडत नाही. दोन सेल नेहमी जोडीने वापरावेत व जोडीनेच भारित करावेत. एक नवा आणि एक जुना असे मिश्रण करू नये, कारण जुना सेल आधी संपतो आणि नव्याला घेऊन बुडतो.

जुन्या संचांत ९ व्होल्टचा चौकोनी सेल लागतो. अल्कलाइन प्रकारात त्याची क्षमता साधारण ५५० मिलिॲम्पिअर-तास असते. त्याच आकाराच्या पुन्हा भारित होणाऱ्या प्रकारात ती २०० च्या आसपासच असते. ट्रान्समीटरला ६० मिलिॲम्पिअर लागत असतील तर पहिला नऊ तासांच्या आसपास आणि दुसरा जेमतेम तीन तास चालेल. काटकसर म्हणून घेतलेला सेल दीर्घ मुलाखतीत अडचणीत आणतो, तो असा.

आजकाल २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारे, अंगभूत लिथियम बॅटरीचे छोटे संच विद्यार्थ्यांत लोकप्रिय आहेत. ते पाच-सात तास चालतात व यूएसबीने भारित होतात. त्यांची उणीव एवढीच, की बॅटरी संपली तर दुसरी बदलून घालता येत नाही आणि दोन-तीन वर्षांच्या वापरानंतर तिची क्षमता घटते. दर सहा महिन्यांनी संच पूर्ण भारित करून तो किती तास चालतो ते घड्याळ लावून पाहावे व खोक्यावर लिहून ठेवावे. ट्रान्समीटरमध्येच मुद्रण करून ठेवण्याची सोय काही संचांत असते. ती असेल तर नेहमी चालू ठेवावी. लहरी तुटल्या तरी मूळ आवाज तेथे सुरक्षित राहतो.

६. थैलीतील एकत्रित वीजपुरवठा

रेकॉर्डर आणि दोन रिसीव्हर एका थैलीत असतील तर प्रत्येकाचे वेगळे सेल सांभाळण्यापेक्षा एकाच मोठ्या बॅटरीवर सर्व चालवणे सोयीचे असते. येथे वॉटमध्ये हिशेब करावा. रेकॉर्डर ४ वॉट, दोन रिसीव्हर प्रत्येकी १ वॉट, म्हणजे एकूण ६ वॉट. दाब बदलणाऱ्या परिपथात सुमारे १५ टक्के ऊर्जा वाया जाते असे धरले तर बॅटरीवरचा भार सुमारे ७ वॉट होतो. व्हिडिओ कॅमेऱ्याची ७.२ व्होल्ट आणि ६६०० मिलिॲम्पिअर-तासांची मोठी बॅटरी सुमारे ४७ वॉट-तास ऊर्जा देते. त्यातील ८० टक्के वापरायची ठरवली तर पाच तासांहून थोडे अधिक काम होते. अशा दोन बॅटऱ्या असल्या की दिवस निभावतो.

व्यावसायिक थैलीत १२ व्होल्टसाठी चार पिनांचे जोड वापरतात. हिरोसे आणि चार पिनांचा एक्सएलआर या दोन्हींत पहिली पिन ऋण आणि चौथी धन असते. गोल पिनच्या साध्या जॅकला मात्र असा भरवसा नाही. बहुधा मधला भाग धन असतो, पण नेहमीच नाही. म्हणून कोणतीही नवी तार यंत्राला लावण्यापूर्वी मल्टिमीटरने दाब व ध्रुव तपासावेत. बॅटरीच्या धन तारेत, बॅटरीच्या अगदी जवळ, लहान फ्यूज घालावा. लिथियम बॅटरीची तार थैलीत चिरडून दोन टोके एकत्र आली तर ती क्षणात तापते, आणि ही थैली आपल्या अंगाला बांधलेली असते.

मोबाइलची पॉवर बँक वापरण्याचा मोह होतो. त्यात दोन अडचणी आहेत. एक, भार फार कमी असेल तर मोबाइल भरला असे समजून ती आपोआप बंद होते. दोन, तिच्यातील दाब वाढवणारा परिपथ अतिशय वेगाने चालू-बंद होत असतो. त्याची बारीक शीळ कधीकधी आवाजात उतरते. रिसीव्हर आणि रेकॉर्डर दोन्ही एकाच बँकेवर असतील तर शक्यता वाढते, कारण मग जमिनीच्या दोन वाटा होतात : एक विजेच्या तारेतून व दुसरी आवाजाच्या तारेच्या जाळीतून. या दोन वाटांचे जे वेटोळे तयार होते त्यात घरघर शिरते. उपाय क्रमाने असे : प्रथम रिसीव्हर स्वतःच्या सेलांवर चालवून पाहावा. शीळ गेली तर दोष वेटोळ्याचा आहे. मग संतुलित तार वापरावी, किंवा विजेच्या मार्गात विलग प्रकारचा दाब-बदलक घालावा. यूएसबी चार्जर भिंतीला लावून मुलाखत चालू ठेवणे शक्यतो टाळावे. भिंतीतील वीज म्हणजे शेजारच्या खात्यातील प्रत्येक मोटारीशी नाते जोडणे होय.

७. लहरींचा प्रश्न

लहरीची लांबी कळली की अँटेनाची लांबी कळते. ६०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी ५० सेंटिमीटर, म्हणून पाव लहरीची अँटेना १२.५ सेंटिमीटर. २.४ गिगाहर्ट्‌झची पूर्ण लहरच १२.५ सेंटिमीटर, म्हणून तिची अँटेना खोक्यात मावते. पण या लहरींना मानवी शरीरातील पाणी मोठ्या प्रमाणात शोषून घेते. ट्रान्समीटर पाठीमागे आणि रिसीव्हर समोर असेल तर मध्ये संपूर्ण माणूस उभा असतो. अशा संचाचा ट्रान्समीटर समोरच्या बाजूस लावावा. लांब अँटेना असेल तर ती गुंडाळू किंवा दुमडू नये, तसेच ती घामाने भिजलेल्या अंगाला चिकटू देऊ नये.

भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा २००५ च्या अधिसूचनेनुसार कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. तो मुक्त असल्यामुळेच तेथे गर्दी आहे. वायफाय, ब्लूटूथ आणि माइक सर्व तेथेच. चाळवजा वस्तीत माइक तुटू लागला तर आधी घरातील वायफाय तात्पुरते बंद करण्याची विनंती करावी आणि रिसीव्हर जवळ आणावा. ७०० मेगाहर्ट्‌झच्या जुन्या संचांबाबत सावध राहिले पाहिजे. ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्‌झ हे पट्टे २०२२ च्या लिलावानंतर मोबाइल सेवेकडे गेले आहेत. कपाटातील असा संच एखाद्या मोहल्ल्यात चालेल आणि दुसऱ्यात मुळीच चालणार नाही. शिवाय तो वापरणे नियमबाह्य ठरेल. इतर पट्ट्यांतील संच घेताना केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाची उपकरणमान्यता आहे का, हे विक्रेत्याला विचारावे.

दोनाहून अधिक माइक असतील तर समान अंतराच्या वारंवारता निवडू नयेत. ५०० आणि ५०२ मेगाहर्ट्‌झचे दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून ४९८ आणि ५०४ येथे भुताटकीचे संकेत उमटतात. तिसरा माइक नेमका ५०४ वर असेल तर तो बिघडतो. संचात दिलेले तयार गट वापरावेत, ते याच कारणासाठी केलेले असतात. मुलाखत देणाऱ्याच्या खिशातील मोबाइलही बाजूला ठेवावा. विशेषतः जुन्या टूजी फोनचा ‘टट्-टट्-टट्’ असा आवाज माइकच्या तारेत शिरतो.

८. माइक कोणी, कसा लावावा

तंत्राचा हा शेवटचा भाग खरे तर माणुसकीचा आहे. माइक छातीच्या मध्यावर, हनुवटीपासून एका वितीवर लावतात. बोलणारी व्यक्ती स्त्री असेल तर तिच्या कपड्याला हात लावण्याचा प्रश्नच येऊ नये. माइक तिच्या किंवा घरातील स्त्रीच्या हाती देऊन कोठे लावायचा ते दाखवावे. पथकात विद्यार्थिनी असेल तर उत्तमच. ओढणी, पदर किंवा बुरख्याचे कापड माइकवर घासू नये म्हणून चिमट्यामागे तारेचा छोटा वेढा करावा. कमरपट्टा नसतो तेव्हा ट्रान्समीटरसाठी कापडी पिशवी शिवून घ्यावी व ती खांद्यावरून अडकवावी. सुरतेच्या दमट हवेत घामाचा एक थेंब माइकच्या बोंडात गेला तरी आवाज बसतो. म्हणून ट्रान्समीटर पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळावा आणि माइकला फोमची टोपी घालावी.

दुसरी गोष्ट संमतीची. तारेचा माइक दिसत असतो. बिनतारी माइक पाच मिनिटांत विसरला जातो. व्यक्ती आत जाते, सुनेशी बोलते, औषधाबद्दल कुरकुर करते, हे सर्व रिसीव्हरपर्यंत येत असते. ॲनालॉग संचाचा आवाज तर त्याच वारंवारतेचा दुसरा कोणताही रिसीव्हर ऐकू शकतो. दंगल, कर्ज, घरातील वाद अशा विषयांवर बोलणाऱ्याची सुरक्षितता यात गुंतलेली आहे. म्हणून उठण्यापूर्वी माइक बंद करणे ही मुलाखतकाराची जबाबदारी मानावी आणि नाजूक भागासाठी तारेचाच माइक वापरावा. ‘आता मुद्रण चालू आहे’ व ‘आता बंद केले’ ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणण्याची सवय लावावी. ती फायलीतही राहतात.

मुद्रण ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह या स्वरूपात करावे. एका माइकला तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा लागते, जी आज नगण्य आहे. आवाजाची पट्टी सर्वांत मोठ्या बोलण्याला उणे १२ च्या आसपास राहील एवढीच वाढवावी. ट्रान्समीटरवरच आवाज फाटला तर पुढे कोणत्याही यंत्राने तो सांधता येत नाही. मुद्रण करणाऱ्याच्या कानावर हेडफोन असलाच पाहिजे, कारण वर सांगितलेले बहुतेक दोष डोळ्यांना दिसत नाहीत.

समारोप

वरील विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. स्थळावरील मुद्रणात बहुतेक अपयश किमती यंत्राच्या अभावाने येत नाही. ते चुकीच्या तारेने, अर्ध्या संपलेल्या सेलाने किंवा न ऐकता केलेल्या मुद्रणाने येते. या तिन्हींवर उपाय स्वस्त आहेत. प्रत्येक विभागाने एक डबा तयार ठेवावा : तपासलेल्या व नावे लिहिलेल्या तारा, सेलांच्या चार जोड्या, एक मल्टिमीटर, चिकटपट्टी, एक तारेचा माइक आणि एक हेडफोन. मुलाखतीच्या आदल्या दिवशी संपूर्ण संच जोडून दहा मिनिटांचे मुद्रण करावे आणि ते पूर्ण ऐकावे.

रांदेरच्या एखाद्या माडीवर बसून रंगूनच्या बाजारातील दुकानाची आठवण सांगणारे, किंवा लिंबायतच्या खोलीत अहिराणीतून पहिल्या पाळीची हकिकत सांगणारे लोक अजून आपल्यात आहेत. त्यांनी बोलायला होकार देणे हे मोठे दान आहे. ते स्वीकारायला जाताना भांडे फुटके नसावे, एवढी दक्षता संशोधकाने घेतली पाहिजे.